कॉडरचा कॅसल आणि कागलचा रुमाल: स्कॉटलंडच्या घराण्याचा इतिहास कोल्हापुरात बसून कसा काढायचा

भाचा ॲबर्डीनला शिकायला गेलाय. मागच्या जूनमध्ये एका रविवारी संध्याकाळी मी रंकाळ्यावर बसलो होतो आणि त्याचा व्हिडिओ कॉल आला, मामा बघा कुठं आलोय, म्हणून फोन फिरवला तर मागं करड्या दगडाचा चौकोनी बुरूज, पुढं खंदकावरचा पूल, आणि पोराच्या हातात एक पोस्टकार्ड. पोस्टकार्डावर फोटो कसला, तर दगडी कमानीच्या खोलीत जमिनीतून वर आलेलं एक वाळकं खोड. म्हणाला हा कॉडर कॅसल, झाड आधी होतं आणि किल्ला त्याच्याभोवती बांधलाय, आणि मामा हाच तो शेक्सपिअरच्या नाटकातल्या मॅकबेथचा किल्ला. मी म्हटलं झाडाचं खरं असेल, मॅकबेथचं बघायला लागेल.

त्या एका वाक्यापायी पुढचे चार महिने गेले माझे. रोज रात्री जेवण झालं की तास दीड तास, मोबाईल आणि एक दोनशे पानी वही, एवढ्यावर. आणि त्यात जे शिकलो ते लिहून ठेवतोय, कारण आता बऱ्याच घरांतली पोरं तिकडं आहेत, आईवडील भेटायला जातात, चार कॅसल बघून येतात, आणि परत आल्यावर विचारलं काय बघितलं तर भिंती लई जाड होत्या आणि भूत होतं म्हणतात. एवढं लांब जाऊन एवढंच घेऊन येऊ नये असं मला मनापासून वाटतं. आपल्याला तर ते तिथल्या माणसापेक्षा लवकर कळायला पाहिजे, कारण वतन, इनाम, सनद, दत्तक, भाऊबंदकी हे शब्द आपल्याला शिकवायला लागत नाहीत.

पहिलं काम म्हणजे डोक्यातला पन्हाळा बाजूला ठेवा. कॅसल म्हटलं की आपल्यासमोर तटबंदी, तीन दरवाजा, अंबारखाना, दारूगोळा असं येतं. पन्हाळा हा राज्याचा किल्ला, शिलाहार गेले, बहामनी आले, आदिलशाही आली, मराठे आले, किल्ला ज्याचं राज्य त्याचा. स्कॉटलंडमधले बहुतेक कॅसल तसले नाहीत. एडिनबरा, स्टर्लिंग हे राजाचे, पण बाकीचे शेकडो म्हणजे एका घराण्याचा राहता वाडा, त्याला बुरूज, आणि त्याच्या भोवतीची जमीन. त्याची जोड लावायची तर कागलकरांचा, बावडेकरांचा, इचलकरंजीकरांचा वाडा डोळ्यासमोर आणा, जहागिरीसकट. म्हणजे इथं लढाई कुठली झाली हा प्रश्न नंतरचा, आधी विचारायचं की ही जमीन कुणी कुणाला दिली, कशाबद्दल दिली, आणि पुढं ती कुणाकडं कशी गेली. हे एकदा वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि प्रत्येक कॅसलला हेच तीन प्रश्न विचारा.

मग नाव बघा. तिकडं जमीनदाराला त्याच्या जमिनीच्या नावानं हाक मारतात. आपण नाही का म्हणत कापशीकर, तोरगलकर, तसंच. कॅम्पबेल ऑफ कॉडर म्हणजे कॅम्पबेल आडनावाचे पण कॉडरकर. आणि आडनाव आणि गाव एकच असेल तर ऑफ दॅट इल्क असं लिहितात, म्हणजे त्याच गावचे, मूळ पुरुष. हे कळलं की अर्धी गुंतागुंत सुटते, कारण एकाच पानावर तोच माणूस कधी आडनावानं येतो, कधी नुसता गावाच्या नावानं, कधी सरदारकीच्या पदवीनं, आणि वाचणाऱ्याला वाटतं तीन माणसं आहेत.

कॉडरचे मूळ धनी कॉल्डर. तेच नाव, जुन्या कागदात स्पेलिंग बदलत जातं एवढंच, त्यामुळं सर्च करताना दोन्ही टाका. ते थेन होते. थेन म्हणजे काय हे मी दहा ठिकाणी वाचलं आणि शेवटी मला एकच शब्द सापडला, देशमुख. राजाच्या जमिनीवर राजाच्या वतीनं बसलेला, वसुली करणारा, शिस्त ठेवणारा, आणि मग दोन तीन पिढ्यांत ते काम घराण्याचं वतनच होऊन जातं. १३१० मध्ये रॉबर्ट ब्रूस राजानं विल्यम नावाच्या थेनला कॉडरची सनद दिली, ती छापलेली आहे, बघायला मिळते. कुठं ते पुढं सांगतो.

आता सगळ्यात मोठा फरक, आणि हा नीट समजून घ्या, बाकी विसरलात तरी चालेल. आपल्याकडं बाप गेला की जमीन सगळ्या पोरांत वाटतात. चार भाऊ तर चार वाटण्या, त्यांच्या पोरांत सोळा, वाड्याच्या चौकात भिंत येते, विहिरीला पाळी लागते. स्कॉटलंडमध्ये जमीन जायची थोरल्या पोराकडं, सगळी. मृत्युपत्र नसलं तर कायदा तसाच होता आणि तो १९६४ पर्यंत होता. धाकट्यांनी फौजेत जावं, चर्चमध्ये जावं, कंपनीची नोकरी धरून हिंदुस्थानात यावं. वर १६८५ चा एक कायदा होता, त्यानं घराण्याची जमीन बांधून ठेवता यायची, म्हणजे पुढच्या वारसालाही ती विकता येऊ नये, कर्जात जाऊ नये. म्हणून तिथं इस्टेटी एकसंध राहिल्या. ॲबर्डीनजवळ ड्रम म्हणून एक कॅसल आहे, रॉबर्ट ब्रूसनंच १३२३ मध्ये अर्व्हाइन घराण्याला दिलेली जागा, ती त्यांच्याकडं राहिली थेट १९७० च्या दशकापर्यंत, मग त्यांनी ती जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टला सोपवली. साडेसहाशे वर्षं एक घर! आपल्याकडं शंभर वर्षांत उंबऱ्याची वाटणी होते. कुठली पद्धत न्यायाची असं विचाराल तर मी आपल्या पद्धतीच्या बाजूनं आहे, धाकट्याचाही पोटभर हक्क असतोच, पण तिथले कॅसल उभे का आणि आपले वाडे पडके का याचं मोठं कारण इथं आहे. दगड चुना त्यांच्याकडं काही वेगळा नव्हता.

आणि पोरगा नसेल तर? हा प्रश्न प्रत्येक घराण्यात एकदा तरी येतोच, तिथं थांबून वाचा, इतिहास तिथंच वळतो. आपल्याकडं दत्तक घेतात, नाव चालू राहतं. आपल्या कोल्हापूरचंच बघा की, १८८४ मध्ये कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव दत्तक आले आणि शाहू छत्रपती झाले, गादी भोसल्यांचीच राहिली. स्कॉटलंडच्या कायद्यात दत्तक हा प्रकारच १९३० पर्यंत नव्हता. मुलगा नसला की बऱ्याचदा जमीन मुलीकडं, आणि मुलीबरोबर तिच्या नवऱ्याकडं, आणि मग वाड्यावर दुसऱ्याचंच आडनाव लागतं. कॉडरचं तेच झालं.

१४९८ च्या सुमाराला थेनचा वारस जॉन कॉल्डर वारला आणि मागं राहिली एक तान्ही पोरगी, म्युरियल. अख्ख्या इस्टेटीची वारस. आपल्या कोर्टाच्या भाषेत अज्ञान वारस, आणि अज्ञान वारसाचा पालक कोण हे तिकडं राजा ठरवायचा, त्यात पैसा असायचा, कारण जो पालक तो पोरगी वयात येईपर्यंत जमीन खाणार आणि तिचं लग्नही लावणार. ते पालकपण मिळालं आर्गाइलचा अर्ल कॅम्पबेल याला, देशातला फार वजनदार माणूस. १४९९ मध्ये कॅम्पबेलांची माणसं आली आणि त्या लेकराला उचलून पश्चिमेकडं घेऊन गेली. कॉल्डरांच्या घरातली गोष्ट अशी सांगतात की उद्या दुसरीच पोरगी आणून हीच म्युरियल म्हणून उभी करतील या भीतीनं दाईनं तिच्या करंगळीचं टोक चावून तोडलं, खूण राहावी म्हणून. १५१० मध्ये, म्हणजे जेमतेम बारा वर्षांची असताना, अर्लचा धाकटा मुलगा सर जॉन कॅम्पबेल याच्याशी तिचं लग्न लावलं. तेव्हापासून कॉडर कॅम्पबेलांचं झालं, आणि आज पाचशे वर्षं त्यांचंच आहे.

इथं वही काढा आणि पानावर मधोमध उभी रेघ मारा. डाव्या बाजूला कागद, उजव्या बाजूला ऐकीव. पालकपण, लग्न, सनद, तारखा हे डावीकडं. करंगळी उजवीकडं. ऐकीव म्हणजे खोटं असं नाही हं, दाईच्या त्या गोष्टीत एक खरी भीती आहे, वारसाची ओळख पटवायची कशी, ती भीती कागदात कुठं दिसणार नाही. पण दोन्ही एका बाजूला लिहायचं नाही. मला स्वतःला त्या पोरीचं फार वाईट वाटतं, सगळे कागद तिच्या नावावर आणि तिला विचारलं कुणी काहीच नाही. तरी ती टिकली, नवरा १५४६ ला गेला आणि त्याच्यामागं ती कितीतरी वर्षं जगली.

आता मॅकबेथ. हे उजव्या बाजूचं डाव्या बाजूनं तपासायचं सोपं उदाहरण आहे. मॅकबेथ हा खरा राजा होता, १०४० ते १०५७. शेक्सपिअरनं साधारण १६०६ च्या आसपास, म्हणजे साडेपाचशे वर्षांनी, नाटकात त्याला कॉडरचा थेन दाखवला आणि तिथनं ते लोकांत पसरलं. कॅसल किती जुना? राजानं थेनला तटबंदीचा परवाना दिला १४५४ मध्ये. पण परवान्याचं साल म्हणजे बांधकामाचं साल असं धरू नका, आपल्याकडंही घर आधी उभं राहतं आणि नोंद मागनं होते. इथं झाड उपयोगी पडलं. गोष्ट अशी की थेनला स्वप्न पडलं, गाढवावर सोन्याची पेटी लाद आणि सोडून दे, संध्याकाळी ते जिथं बसेल तिथं घर बांध. गाढव एका झाडाखाली बसलं आणि झाडाभोवती बुरूज उठला. पिढ्यान्‌पिढ्या ते काटेरी हॉथॉर्नचं झाड म्हणून सांगायचे. तपासलं तर निघालं हॉली, आणि कार्बनच्या तपासणीनं साल आलं १३७२ च्या आसपासचं. उघड आहे, चारी बाजूंनी भिंती आल्यावर उजेड तुटला आणि झाड वाळलं. म्हणजे बुरुजाचा तळ साधारण त्या काळातला. मॅकबेथ त्याच्याआधी तीनशे वर्षं मेलेला. भाच्याला हे सांगितलं तर तो जरा हिरमुसला, मी म्हटलं अरे गाढवाची गोष्ट ऐकून सोडून दिली असती तर खोड तपासलंच नसतं कुणी.

भिंती वाचायच्या त्या यानंतर. आधी गेलात तर नुसता दगड दिसतो. त्या पद्धतीच्या घराला टॉवर हाऊस म्हणतात, उंच चौकोनी बुरूज, तळमजला दगडी कमानीचा, तिथं धान्य आणि सामान, वर दिवाणखाना, त्याच्यावर झोपायच्या खोल्या, आणि भिंतीतच गोल वळत जाणारा अरुंद जिना. दाराला यॅट असते, म्हणजे लोखंडी गजांची जाळी, आणि तिचे गज नीट बघा, एकमेकांच्या पोटातून आलटून पालटून ओवलेले असतात, बाजेच्या नवारीसारखे, एक गज उपसला म्हणून जाळी सुटत नाही. कॉडरला जी यॅट आहे ती मुळात तिथली नाहीच. लोचिनडॉर्ब म्हणून एका तळ्यातल्या बेटावर किल्ला होता, तो डग्लस घराण्याकडं होता, ते राजाच्या विरोधात गेले, १४५५ मध्ये पडले, आणि राजानं तो किल्ला मोडायचं काम दिलं कॉडरच्या थेनला. त्यानं मोडला आणि दार घरी घेऊन आला. म्हणून एखाद्या वस्तूवरनं इमारतीचं वय काढायला जाऊ नका, वस्तू चालते, दगडही चालतात. आपल्याकडं जुन्या देवळाचे खांब कुठल्या कुठल्या वाड्याला लागलेत ते बघा म्हणजे पटेल.

दारावर, खिडकीवर, चुलीच्या वरच्या दगडावर कोरलेली अक्षरं असतात, त्यांचा फोटो जवळून घ्या, उन्ह तिरपं असताना घ्या म्हणजे खाच उठून दिसते. बहुतेक वेळा ती नवराबायकोची आद्याक्षरं असतात आणि खाली साल. इथं एक गंमत आहे जी मला लई आवडली. स्कॉटलंडमध्ये बाई लग्नानंतरही कागदोपत्री माहेरचंच आडनाव लावायची. त्यामुळं दुसरी जोडी अक्षरं म्हणजे तिच्या बापाच्या घराण्याचा पत्ता. त्या दोन अक्षरांवरनं सोयरीक निघते, आणि सोयरीक निघाली की पैसा कुठून आला ते निघतं. पण ते साल नेहमी बांधल्याचंच असेल असं नाही, कधी लग्नाचं असतं, कधी नुसत्या दुरुस्तीचं.

सोयरिकीवरनंच पुढची गोष्ट. १६८९ मध्ये कॉडरच्या सर अलेक्झांडर कॅम्पबेलनं वेल्समधल्या स्टॅकपोलची वारसदार एलिझाबेथ लॉर्ट हिच्याशी लग्न केलं, आणि घराणं तिकडं जाऊन राहिलं, शंभर एक वर्षं. तिकडचेच होऊन गेले म्हणा, १७९७ मध्ये फ्रेंचांची एक तुकडी वेल्समध्ये फिशगार्डला उतरली तेव्हा तिची शरणागती घेणारा लॉर्ड कॉडर याच घराण्यातला. आता विचार करा, ज्या काळात बाकीचे जमीनदार जुने बुरूज पाडून मोठमोठे महाल उठवत होते त्या काळात कॉडरचा मालक लांब, म्हणून जुनं जुनंच राहिलं, असं माझं मत झालंय. आणि तिकडं वेल्समधला तो भव्य स्टॅकपोल कोर्ट? १९६३ मध्ये पाडला. ज्या घराकडं लक्ष होतं ते गेलं आणि विसरलेलं राहिलं.

मग हे सगळं कोल्हापुरात बसून बघायचं कुठं. सुरुवात नकाशापासनं करा, घराण्याच्या वेबसाइटपासनं नको, तिथं गोष्टी आधी येतात. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडनं जुने नकाशे फुकट ठेवलेत, त्यात एका बाजूला जुना नकाशा आणि दुसऱ्या बाजूला आजचा सॅटेलाइट फोटो असं एकदम बघता येतं, बोट फिरवलं की दोन्हीकडं तीच जागा. १७४६ च्या कलोडेनच्या लढाईनंतर, तिथं सरकारी फौजेनं बंड मोडलं आणि ते रणांगण कॉडरपासनं जवळच आहे, इंग्रज फौजेला कळलं की आपल्याला हा डोंगरी मुलूखच माहीत नाही, आणि १७४७ ते १७५५ मध्ये विल्यम रॉयनं सगळा मोजला. तो नकाशाही आहे. त्यात कॅसल शोधा, मग त्याच्या भोवतीची वस्ती बघा, मग शंभर वर्षांनंतरच्या नकाशात ती वस्ती आहे का बघा. नसली तर माणसं कुठं गेली विचारा. हा प्रश्न टाळू नका, डोंगराळ भागात मेंढ्यांसाठी कुळं उठवली गेली, गावंच्या गावं ओस पडली, आणि त्या घराण्यांच्या सुंदर पुस्तिकांत त्याला एखादी ओळ मिळते. १८८६ च्या कायद्यानं लहान कुळांना पहिल्यांदा जमिनीवर राहण्याची हमी मिळाली. आपल्याला १९४८ चा कुळकायदा कळतो, कसेल त्याची जमीन म्हणजे काय हे आपल्या घरात कुणीतरी एका बाजूनं किंवा दुसऱ्या बाजूनं भोगलंय, तर तीच नजर तिकडं लावा.

दुसरं म्हणजे जमिनीची नोंदवही, रजिस्टर ऑफ सेझिन्स, १६१७ पासनं. त्यांचा सातबारा आणि फेरफार म्हणा, देशभराची अशी सार्वजनिक वही जगात इतकी जुनी दुसरीकडं नाही. सेझिन म्हणजे ताबा. जुन्या काळी जमिनीवर उभं राहून, साक्षीदारांसमोर, नव्या धन्याच्या हातात त्याच जमिनीची माती आणि दगड द्यायचे, मग ताबा पुरा व्हायचा. माझ्या डोळ्यासमोर ते चित्र अजून आहे, पावसात भिजलेली माणसं, ओली माती आणि एक कारकून. आणि वर राजा, मधे सरदार, खाली धारक अशी जी सरंजामी उतरंड होती ती कायद्यानं संपली कधी, तर २८ नोव्हेंबर २००४ ला. परवा परवा!

घराण्याचे कागद म्हणाल तर बऱ्याच घराण्यांचे एकोणिसाव्या शतकात छापलेत. कॉडरचे १८५९ मध्ये स्पाल्डिंग क्लब या जुने कागद छापणाऱ्या मंडळानं छापले, कॉस्मो इनेस नावाच्या अभ्यासकानं लावून दिले, १२३६ पासून १७४२ पर्यंतचे निवडक, इंटरनेटवर फुकट वाचता येतात. लॅटिन आणि जुनं स्कॉट्स बघून घाबरू नका, मोडी न येणारा माणूसही रुमालातनं, म्हणजे कापडात बांधलेल्या जुन्या कागदांतनं, साल आणि नावं काढतोच की. आधी साल, मग नावं, मग गावं, मग रक्कम, एवढंच उचला. जन्म, लग्न, मृत्यू, मृत्युपत्रं पाहिजेत तर स्कॉटलंड्स पीपल ही सरकारी साइट आहे, सरकारी नोंदी १८५५ पासनं आणि त्याच्या आधी चर्चच्या, शोधणं फुकट पण मूळ पानाला पैसे पडतात, म्हणून आधी नीट शोधून मगच पान घ्या. आणि माझं सगळ्यात लाडकं, स्टॅटिस्टिकल अकाउंट, १७९० च्या दशकात सर जॉन सिंक्लेअरनं प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या, पाद्र्याकडनं लिहून घेतलेलं, मजुरी किती, बटाटे कधी आले, शाळेत पोरं किती, जमीनदार गावात राहतो का बाहेर. पुन्हा १८३० आणि ४० च्या दशकात तसंच. आपलं १८८६ चं कोल्हापूर गॅझेटियर ज्यांनी चाळलंय त्यांना चव कळेल, फक्त हे गाववार आहे.

तीन ठिकाणी पाय घसरतो, माझा घसरला म्हणून सांगतो. एक, पैसे. जुने पौंड म्हणजे स्कॉट्स पौंड, १६०३ पासनं इंग्लंडच्या एका पौंडाला ते बारा जायचे, त्याआधी कमी. मी एका कर्जाचा आकडा वाचून दोन दिवस चकित होऊन फिरलो, मग बारानं भागला. दोन, वर्ष. १६०० पर्यंत तिथं नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळं जुन्या कागदातला फेब्रुवारी १५४५ म्हणजे आपल्या हिशोबानं १५४६. जुन्या कागदांतल्या शुहूर आणि फसली सनांची सवय असलेल्याला हे जड नाही. तीन, त्याच त्याच नावांची पोरं. जॉनचा अलेक्झांडर, अलेक्झांडरचा जॉन. कितवा ते लिहू नका, बायकोचं नाव शेजारी लिहा, घोळ होत नाही.

आणि आपला धागा शोधायला विसरू नका. धाकटी पोरं हिंदुस्थानात यायची म्हटलं ना, पण नुसती धाकटीच नव्हेत, थोरला असूनही आलेला एक जेम्स ग्रँट, साताऱ्याचा रेसिडेंट, ज्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये छापून आला. आपण त्याला ग्रँट डफ म्हणतो. तो डफ कुठून आला? स्कॉटलंडमध्ये ईडन नावाची इस्टेट त्याच्याकडं आली आणि तिच्याबरोबर डफ हे नाव. पुढं बायकोकडनं अजून एक इस्टेट आली तेव्हा कनिंगहॅमही जोडलं. शाळेपासनं हे नाव पाठ होतं मला, आणि ते नाव म्हणजे जमिनीचा उतारा आहे हे वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

हे सगळं झाल्यावर दिवाळीत कागलला थोरल्या मामांकडं गेलो. मामांचा वाडा, म्हणजे वाड्याचा चौथा हिस्सा, चौकात भिंत आहेच. मी म्हटलं मामा, माळ्यावरचा रुमाल खाली घ्यायचा का. मामा म्हणाले काय करायचंय त्या रद्दीचं, मागं एकजण बघून देतो म्हणून दोन कागद घेऊन गेला तो परत आला नाही. मी म्हटलं मी नेत नाही, इथंच बसून फोटो घेतो. लाल अलवणाचा रुमाल, गाठ सुटेना, मामींनी सुईनं सोडवली. आत कडुलिंबाचा वाळलेला पाला आणि मोडीतले तीस पस्तीस कागद, एकाला वाळवी लागलेली. तीच पद्धत लावली. उन्ह येतं तिथं पांढऱ्या पंचावर एकेक कागद पसरायचा, बाजूला मोजपट्टी, पुढचा आणि मागचा फोटो, कागदावर पेनानं काही लिहायचं नाही, चिकटपट्टी लावायची नाही, क्रम मोडायचा नाही. मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या गुरुजींना फोटो पाठवले. भवानी मंडपाकडं गेलो की त्यांच्याकडं चक्कर असतेच आता.

आठव्या कागदात मामांच्या पणजीचं नाव निघालं, माहेरच्या आडनावासकट, तिच्या बापानं विहिरीसाठी दिलेल्या पैशाच्या पावतीवर. त्या विहिरीवरनं दोन पिढ्या भांडण आहे. मामांनी फोटो मोठा करून दोनदा बघितला, कुणाला काही बोलले नाहीत, मग पलीकडच्या हिश्श्यातल्या चुलतभावाला भिंतीवरनं हाक मारली, अरे इकडं ये जरा, हे बघ. तो येईपर्यंत मामी चहा ठेवायला गेल्या आणि मी नववा कागद पंचावर पसरला.